एकही खिळा न मारता

मी दाण्याचा कूट करायला बसले की आमचे घरमालक जिना चढून वर यायचे. बेल वाजवायचे नाहीत. दारावर थापही हळूच मारायचे, कारण दारही त्यांचंच होतं. मी हातात बत्ता घेऊन दार उघडायची आणि ते माझ्या खांद्यावरून आतल्या भिंती न्याहाळत विचारायचे, "बेटा, कील ठोक रहे हो?"

"नहीं अंकलजी. मूंगफली."

पुरावा म्हणून मी खलबत्ता पुढे करायची. ते चिमूटभर कूट तोंडात टाकायचे, "अच्छा, अच्छा" म्हणायचे आणि खाली जायचे. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आमच्याकडे खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भाजीच्या रश्शात कूट. एखाद्या घरात माणसं रोज उठून शेंगदाणे बडवतात, हे त्या माणसाला शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना वाटायचं, शेंगदाणे हा बहाणा आहे आणि आत कुठेतरी खिळा आहे.

नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली दिल्लीला झाली, पण सरकारी क्वार्टरचा नंबर लागायला वर्षं जायची. तोवर यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या बाजूला, एका नव्या वसाहतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला. नवी म्हणजे इतकी नवी, की फ्लॅट होते पण रस्ते यायचे होते. गच्चीवर डिश अँटेना आणि खाली म्हशी. सगळीकडे वाळूचे ढीग. सकाळी पुरुषमंडळी बूट हातात घेऊन वाळूतून चार्टर्ड बसपर्यंत जायची आणि बसमध्ये बूट घालून साहेब व्हायची. टीव्हीवर परदेशी चॅनल दिसायचे. म्हणजे लाईट असली तर.

किल्ली देताना घरमालकांनी एकच अट घातली. "एक भी कील नहीं." मग आम्हाला खोल्याखोल्यांतून फिरवलं. प्रत्येक भिंतीवर तळवा ठेवून, क्षणभर थांबून, पुढची भिंत. आयुष्यभर रेल्वेच्या नोकरीत सरकारी घरांतून फिरले होते बिचारे. "हर मकान में किसी और की कीलें मिलीं," म्हणाले. आता हे स्वतःचं घर. खाली एकटेच राहायचे, आणि त्यांच्या स्वतःच्या भिंतींवरही काहीच नव्हतं. कॅलेंडर खुर्चीत बसवलेलं असायचं.

मी म्हटलं, ठीक आहे. खिळा नाही तर नाही. घर सजवायला खिळेच लागतात असं कुणी सांगितलं? असलं तोंड वर करून बोलायची मला खोड आहे, आणि मग ते निस्तरायलाही मलाच लागतं.

पहाडगंजच्या बाजारातून मी चिकटवायचे प्लास्टिकचे हुक आणले. गणपतीच्या आकाराचे, मोराच्या आकाराचे, एक तर चक्क टेलिफोनच्या आकाराचा. जानेवारीत ते भिंतीला असे घट्ट बसले की मी नवऱ्याला दोनदा टोमणा मारला. एप्रिल उजाडला तसा त्यांचा डिंक पाघळायला लागला. दुपारी एखादा हुक भिंतीवरून हळूहळू खाली सरकताना दिसायचा, त्याला अडकवलेल्या पिशवीसकट. सकाळी डोळ्यांसमोर असलेला मोर संध्याकाळी गुडघ्याशी. आम्ही त्यावरून वेळ सांगायला लागलो होतो, कारण घड्याळ स्टुलावर ठेवलेलं होतं आणि पाहुणे आले की स्टूल त्यांना द्यावं लागायचं.

लग्नाचा फोटो लोखंडी कपाटाला लोहचुंबकांनी लावला. कपाट जोरात बंद केलं की आम्ही दोघं जमिनीवर. मच्छरदाणीचं एक टोक पंख्याला, एक खिडकीच्या गजाला, एक कपाटाच्या कडीला आणि चौथं दाराच्या मुठीला. त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावली की दार उघडायची सोय नाही. दाराचं तोरण सेलोटेपने चिकटवलेलं, ते येणाऱ्याच्या डोक्यावर पडायचं. परके लोक समजायचे, मराठी माणसांत स्वागताची अशीच पद्धत असेल. एका शेजारीणबाईंनी तर ते गळ्यात घालून हात जोडले.

सगळ्यात मोठी हौस फिटली ती वारलीच्या चित्रांनी. करोल बागेतून जाडा कागद आणला, गेरूवर पांढऱ्या रंगाने चित्रं काढली आणि तांदळाच्या पिठाची खळ करून बैठकीच्या भिंतीला डकवली. खळ पाण्याने निघते, डाग राहत नाही, सगळा विचार केला होता. मुंग्यांचा तेवढा केला नव्हता. त्या आल्या, चित्राभोवती चौकट धरून उभ्या राहिल्या आणि खळ खायला लागल्या. लांबून बघणाऱ्याला ती काळी नक्षीच वाटायची. घरमालकांनी जवळ जाऊन बघितलं, नक्षी चालायला लागली, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बाकी मान्य केलं पाहिजे, भिंतीला ओरखडासुद्धा नव्हता.

अशा या घरात मला दिवस गेले. माझी आई लहानपणीच गेलेली, माहेरी करणारं कुणी नव्हतं. म्हणून सासूबाई सांगलीहून आल्या, मे महिन्याच्या शेवटी, ऐन लूच्या, म्हणजे अंग भाजणाऱ्या वाऱ्याच्या दिवसांत. बरोबर पत्र्याची ट्रंक आणि गोधडीत गुंडाळलेला एक अगडबंब गठ्ठा. गठ्ठ्यात होता पाळणा. सागवानी, चार पितळी साखळ्यांचा. घरातलं प्रत्येक मूल त्यातच नाव घेऊन उठलेलं.

सासूबाईंनी घर बघितलं. जमिनीवर भिंतीला टेकवलेले देव बघितले, गुडघ्यापर्यंत उतरलेला मोर बघितला. "बिऱ्हाड आजच आलंय का गं?" त्यांनी मला विचारलं. आम्हाला तिथे राहून दीड वर्ष झालं होतं.

मुलगी झाली. सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांसाठी खारीक कुटायला घेतली. खारीक म्हणजे शेंगदाणा नव्हे. पहिला घाव पडला तसे घरमालक जिन्यात, आणि चौथ्याला दारात. सासूबाई पाट टाकून बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काय हवंय हो तुम्हाला?"

"माताजी, कील?"

"कील नाही, खारीक आहे. खा आणि जा."

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यावाचून कुणाचंच काही अडलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं जे जुंपलं ते जुंपलंच.

खरं काम पुढे होतं. बारसं बाराव्या दिवशी, आणि त्यासाठी पाळणा टांगायला हवा. साऱ्या घरात छताला एकच कडी होती आणि तिला पंखा होता. नवरा विचारायला खाली गेला आणि तोंड पाडून वर आला. पंख्याची कडी पंख्यासाठी आहे. पाळणा हलणार, कडी हलणार, स्लॅबला तडा जाणार. दुसरी कडी ठोकायचं तर नावच काढायचं नाही.

"जाऊ दे ना आई," नवरा म्हणाला. "दिवाळीत गावी जाऊच आपण. तिथे करू थाटात."

सासूबाईंच्या हातातला बत्ता थांबला.

"तुझे वडील असंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानेही अर्धंमुर्धंच ऐकलं होतं. त्याच्याआधी त्यांना एक मुलगी झाली होती. सासरे तेव्हा एका तालुक्याच्या गावी नोकरीला, भाड्याच्या एका खोलीत बिऱ्हाड. तिथल्या मालकानेही तुळईला कडी मारू दिली नाही. सासरे म्हणाले, सुट्टीत गावी जाऊ, घरच्या पाळण्यात घालू, तेव्हाच नाव ठेवू. सुट्टी यायच्या आत मुलगी तापाने गेली.

"नाव ठरवलेलं होतं मी," सासूबाई म्हणाल्या. "पण बारसं नाही म्हणून उच्चारलं नव्हतं. ती गेली तेव्हा मला हाक मारून रडतासुद्धा आलं नाही. काय म्हणून हाक मारू? बाळ? बाळ तर जगातली सगळीच असतात."

मग त्यांनी पुन्हा बत्ता उचलला. "माझा कशावर विश्वास नाही. उपास नाही, अंगारा नाही. पण ही पोर बाराव्या दिवशी टांगलेल्या पाळण्यात झोपणार. इथेच. तो खालचा बाबा काय म्हणतो ते मला सांगू नका."

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. सासूबाई स्वतः खाली गेल्या, मागून दुभाषा म्हणून नवरा. त्यांनी बाकी सगळं सांगितलं, तेवढं मुलीचं सांगितलं नाही, आणि नवऱ्यालाही सांगू दिलं नाही. म्हणाल्या, "त्याच्याकडे काय भीक मागायची आहे?"

घरमालक हात जोडून म्हणाले, "माताजी, ज़मीन पर रख लो ना पालना."

"जमिनीवर कुत्र्याचं पिल्लू ठेवतात म्हणावं."

"माताजी कह रही हैं, सोचेंगी," नवऱ्याने भाषांतर केलं.

मग आमच्या डोक्यांना जे काय सुचलं, त्याला तोड नाही. दोन कपाटांवर बांबू आडवा ठेवून बघितला, तर पाळण्याच्या वजनाने कपाटं एकमेकांना भेटायला निघाली. खिडकीच्या गजाला बांधला, तर पाळणा हलायच्या ऐवजी भिंतीवर आपटायला लागला, आणि ते तर घरमालकांना हार्ट अॅटॅक आणण्याचंच काम होतं. शेवटी नवऱ्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "भिंतीला नको, छताला नको. माणसांना टांगू!"

दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये साताऱ्याकडचे एक हवालदार होते. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली होती, तेव्हापासून घरच्यासारखं येणंजाणं. त्यांना निरोप गेला. ते सपत्नीक आले, आणि वाटेत शेजारच्या बांधकामावरून एक जाडजूड लाकडी बल्ली मागून घेऊन आले. बेत असा, की नवरा आणि हवालदार समोरासमोर उभे राहणार, खांद्यावर बल्ली आणि मधे पाळणा. मिरवणुकीत पालखी असते तसं, फक्त मिरवणूक जागच्या जागी. कुठे भोक नाही, कुठे तडा नाही.

अडचण एवढीच, की हवालदार सहा फुटी आणि आमचं माणूस माझ्याहून बोटभरच उंच. पाळणा एका बाजूला कलंडला. मग नवऱ्याच्या पायाखाली पाट दिला, पाटावर पाट दिला, वर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला. केंद्र सरकारचा अधिकारी, नेसूचं सोवळं, कपाळाला गंध, रद्दीवर उभा. शेजारच्या दोन पंजाबी बायका आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, हे दोघं कसली शिक्षा भोगताहेत?

घरमालकांनाही आमंत्रण होतं. ते आले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि छताकडे बघत राहिले. आणि नेमकी लाईट गेली. सकाळचे दहा वाजलेले, बाहेर लू, आणि तो पंखा, ज्याच्यापायी हे सगळं चाललं होतं, दोनचार गिरक्या घेऊन गप्प झाला.

"अहो, हलू नका," मी नवऱ्याला म्हटलं.

"मी हलत नाहीये, घाम हलतोय," तो म्हणाला.

आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंटा घालतात. त्याला तेल लावून आंघोळ घालायची, कुंची घालायची, दुपट्यात गुंडाळायचा आणि मग एका बाईने पाळण्याखालून द्यायचा, दुसरीने पलीकडून घेऊन वरून परत द्यायचा. गोविंद घ्या, गोपाळ घ्या, असं म्हणत. नंतर खऱ्या बाळाची पाळी. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणाला समजावून सांगायचं सुचलंच नाही. लेक माझ्या मांडीवर पदराखाली गाढ झोपली होती. आणि हवालदारांच्या बायकोच्या हातात, जरीच्या कुंचीत, तेलाने निथळणारा वरवंटा.

"गोविंद घ्या," म्हणत तिने तो खालून दिला. पलीकडे त्या दोघींतली एक पंजाबी बाई. त्यांनी नवखेपणाने हात पुढे केले, आणि वरवंटा सुळकन निसटला.

"ओए, बच्ची!"

खुर्ची मागे उलटली. ज्या माणसाला जिना चढताना दोनदा दम लागायचा, तो माणूस कोपऱ्यातून अक्षरशः उडी मारून आला. वरवंटा आधी त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला आणि तिथून जमिनीला टेकायच्या आत त्यांनी तो झेलला, छातीशी धरला आणि बसकण मारली. "बच गई, बच गई, बच गई!" डोळे घट्ट मिटलेले. थोड्या वेळाने त्यांनी तोंड बघायला म्हणून कुंची मागे सारली. आत काळा कुळकुळीत दगड, त्याला हळदीकुंकू.

त्या चेहऱ्याचं काय वर्णन करू? त्यांनी दगडाकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा दगडाकडे. पहिल्यांदा हसल्या त्या सासूबाई. मी त्यांना कधी एवढं हसताना बघितलं नव्हतं. मग हवालदार हसले, ते हसले म्हणून बल्ली हलली, बल्ली हलली म्हणून नवरा रद्दीवर डोलायला लागला. आणि इतकं होऊन, देवाशपथ सांगते, मोझॅकच्या फरशीचा टवकासुद्धा उडाला नव्हता. सगळा मार अंगठ्याने खाल्ला होता.

"यह क्या है?" घरमालकांनी विचारलं.

"पहले पत्थर का करते हैं," नवरा वरून म्हणाला, "फिर बच्ची का।"

"क्यों?"

ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "जे काय वाईट व्हायचं ते दगडाला होऊ दे, म्हणून." नवऱ्याने या वेळी भाषांतर खरं केलं.

घरमालकांनी दगड मांडीवर नीट ठेवला. मग त्यांची नजर पाळण्यावर गेली, पाळण्यावरून बल्लीवर आणि बल्लीवरून रद्दीवर थरथरणाऱ्या माझ्या नवऱ्यावर. "और अब बच्ची को घुमाओगे? इसके कंधे पर?"

"हाँ जी."

"बिल्कुल नहीं!" ते गरजले. "पागल हो तुम सब? गिरेगी बच्ची! पंखा उतारो। अभी उतारो!"

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! गेले आठ दिवस आम्ही काय सांगत होतो या माणसाला? तोंडावर आलं होतं, पण सासूबाईंनी डोळ्यांनीच दाबलं. हवालदारांनी बल्ली खाली ठेवली, टेबलावर चढले आणि पंखा उतरवला. घरमालक अंगठ्याला ओला रुमाल गुंडाळून खालून सूचना देत होते, धीरे, धीरे. पाळणा कडीला लागला. त्यांनी स्वतः उठून दोन्ही हातांनी साखळ्या ओढून बघितल्या. लोंबकळलेच जवळजवळ. स्लॅबला काहीएक झालं नाही.

मग लेकीला घातलं. नाव कानात सांगायचं ते आत्याने. नवऱ्याला बहीण नाही, म्हणून हवालदारांची बायको पुढे झाली. सासूबाईंनी तिला हलकेच बाजूला केलं. "तू बस, बाई. हिला आत्या होती. तिच्या जागी मी." त्या पाळण्यावर वाकल्या आणि लेकीच्या कानाशी तोंड नेलं. पद्धतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. पंजाबी बायकांना कुणीतरी सांगितलं, त्यांनी मनापासून घातले. सासूबाई उठेचनात. धपाटे पडताहेत आणि त्या वाकलेल्याच. शेवटी सरळ झाल्या तेव्हा डोळे कोरडे होते. त्यांनी सगळ्यांना नाव सांगितलं. आम्ही नवराबायकोने दुसरंच ठरवलं होतं, पण आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी माणसं पांगली. घुगऱ्यांची पातेली रिकामी, पंखा कोपऱ्यात पालथा, लाईट अजून आलेली नव्हती. मी पडले होते. लेक पाळण्यात गाढ झोपलेली. आणि सासूबाई बाल्कनीत उभ्या राहून तिला हाक मारत होत्या. नावाने. वाळूच्या ढिगांकडे तोंड करून, खणखणीत, गावाकडे खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला बोलावतात ना, तशी. एकदा मारली. थांबल्या. पुन्हा मारली. मी ऐकत पडून राहिले आणि उशी ओली झाली.

एवढ्यात जिन्यात एक पाय ओढत चढल्याचा आवाज आला. दारावर थाप नाही, दार उघडंच होतं. घरमालक घाबरेघुबरे आत आले.

"माताजी, क्या हुआ? कौन खो गया?"

सासूबाई वळल्या. त्यांना हिंदी येत नव्हती. दिल्लीत त्या एकूण एकच वाक्य हिंदीत बोलल्या, ते हे.

"मिल गई," त्या म्हणाल्या.